हात बरा होईपर्यंत घर कसे चालावे?

दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, कोपरखैरणे, पावणे, तुर्भे, शिरवणे ही एकेकाळी भातशेतीची, मिठागरांची आणि मासेमारीची गावे होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची आणि १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेकडील या पट्टीचे रूप पालटले. आज सकाळची पाळी भरण्याच्या वेळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभे राहिल्यास राज्याचे सारे जिल्हे समोरून चालत गेल्यासारखे वाटतात. सातारा-सांगलीकडचा माथाडी, मराठवाड्यातून आलेला बांधकाम मजूर, कोकणातला फिटर, येथलाच आगरी-कोळी तरुण, रसायनांच्या कारखान्यात भरणीचे काम करणारी स्त्री, अशी ही सरमिसळ आहे.

या श्रमावर नवी मुंबई उभी आहे आणि त्याच श्रमावर दूरच्या गावातील शेकडो चुलीही पेटतात. यास्तव येथे एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याची झळ पाटण वा परांडा तालुक्यातील एखाद्या घरालाही लागते. अपघात घडतो क्षणात. जखम भरते दोन-तीन महिन्यांत. परंतु त्या दोन-तीन महिन्यांत घरभाडे, किराणा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आणि गावाकडे पाठवावयाची रक्कम थांबत नाही. शरीराच्या दुखण्यावर डॉक्टर उपचार करतो. घराच्या दुखण्यावरील उपचार मात्र कायद्याने सांगून ठेवलेला असूनही अनेकदा केवळ अज्ञानामुळे घेतला जात नाही. तो उपचार कोणता, आणि तो हाती पडावा यासाठी गावातील जाणत्या मंडळींनी काय करावयास हवे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

हक्काची पूर्वपीठिका

कामावर जखमी झालेल्यास मिळणारी रक्कम ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हा विचार जगात फार जुना नाही. जर्मनीने १८८४ साली कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा केला. आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला व १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. तोवर जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे, आणि ते त्याच्या आवाक्यातले काम नव्हते. नव्या कायद्याने चूक कोणाची हा प्रश्न बाजूस सारला. काम करीत असताना व कामामुळे इजा झाली की भरपाईची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

तथापि, एकट्या मालकावर अवलंबून असलेली भरपाई मालक अडचणीत आला की अडकते. यावर उपाय म्हणून सर्वांनी मिळून निधी उभारण्याची कल्पना पुढे आली. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली आपल्या अहवालात औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना मांडली. तिच्या आधारे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपल्या राज्यात राज्य कामगार विमा योजना या नावाने ती ओळखली जाते.

हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. नाव आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी कामगाराच्या दृष्टीने मूळ रचना तीच राहिली आहे. विमेदार कामगारास महामंडळाकडून लाभ, आणि विम्याबाहेरील कामगारास मालकाकडून भरपाई, असे हे दोन मार्ग आहेत. एकाच इजेसाठी दोन्हीकडून लाभ घेता येत नाही. म्हणून जखमी माणसाच्या घरी गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावयाचा की, विमा क्रमांक आहे काय?

विमेदार कामगाराचा मार्ग

दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू होते. धोक्याचे म्हणून जाहीर झालेले काम चालत असेल, तर एकच कामगार असला तरी ती लागू करण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये ठरविण्यात आली. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचे दर कामगारासाठी वेतनाच्या पाऊण टक्का व मालकासाठी सव्वातीन टक्के असे ठरले. म्हणजे १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून दरमहा १३५ रुपये जातात आणि मालक ५८५ रुपये भरतो.

या १३५ रुपयांचे मोल अपघाताच्या दिवशी कळते. कामावरील इजेमुळे कामगार तात्पुरता असमर्थ झाला, तर त्यास सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम रोख मिळते. साध्या आजारपणात मिळणारा लाभ ७० टक्के असतो आणि वर्षातून ९१ दिवसांपुरताच असतो. इजेच्या लाभास अशी दिवसांची मर्यादा नाही. असमर्थता टिकेल तोवर तो चालू राहतो. त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. कामावर रुजू झालेल्या पहिल्याच दिवशी इजा झाली तरी हक्क उत्पन्न होतो. मात्र असमर्थता अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस टिकलेली असली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. दाबयंत्रावर काम करणाऱ्या एका कामगाराचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये आहे. मनगटाचे हाड मोडल्याने तो ६० दिवस कामावर जाऊ शकला नाही. त्यास दररोज ५४० रुपयांप्रमाणे ३२,४०० रुपये मिळावयास हवेत. उपचार योजनेच्या दवाखान्यात वा रुग्णालयात होतील, ते निराळेच. पुढे हातात कायमचे व्यंग राहिल्यास वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली हे ठरविते आणि त्या प्रमाणात आजीव मासिक रक्कम सुरू होते. कामगार पुन्हा कामावर गेला तरी ही रक्कम बंद होत नाही. मृत्यू ओढवल्यास आश्रितांना लाभ मिळतो.

मालकाने नोंदणीच केली नाही अथवा वर्गणी भरली नाही, तर काय? अनेक कामगार येथेच हताश होऊन परततात. वास्तविक, मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा हक्क बुडू नये अशी व्यवस्था कायद्यात आहे. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. कामगार त्या ठिकाणी कामास होता, एवढे मात्र सिद्ध व्हावे लागते.

विमा नसलेल्याचा मार्ग

जेथे ही योजना लागू नाही, किंवा ज्याचे वेतन मर्यादेपलीकडे आहे, त्यास मालकाने भरपाई द्यावयाची असते. तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देय होते. असमर्थता २८ दिवस किंवा अधिक टिकली, तर इजेच्या दिवसापासून हिशेब होतो. त्याहून कमी टिकली, तर पहिले तीन दिवस वगळले जातात. पहिला हप्ता सोळाव्या दिवशी येणे असतो. ही रक्कम अधिकात अधिक पाच वर्षे मिळू शकते. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून दरमहा १५,००० रुपये करण्यात आली. त्या मर्यादेने पाहिल्यास पंधरवड्यास ३,७५० रुपये होतात. घर चालविण्यास ते अपुरे आहेत हे उघड आहे. तरीही, उपचारांवर प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने निराळा द्यावयाचा असतो, याचा विसर पडू देऊ नये.

कायमचे व्यंग आल्यास हिशेब बदलतो. कायद्याच्या परिशिष्टात कोणत्या इजेने कमाईची क्षमता किती टक्के घटते हे दिलेले आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के, असे ते कोष्टक आहे. वयाच्या कोष्टकाप्रमाणे एक गुणकही ठरतो. ३० वर्षे वयाला तो २०७.९८ आहे. १५,००० रुपये वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. त्यास २०७.९८ ने गुणून येणाऱ्या रकमेच्या ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. तिशीतील कामगाराचा अंगठा गेला, तर कायद्याच्या हिशेबाने एवढी रक्कम होते. 'पाच-दहा हजार घे आणि गावी जा' असे सांगणाऱ्या मुकादमासमोर हा आकडा ठाऊक असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत किती अंतर पडते, हे निराळे सांगावयास नको.

देय झालेली भरपाई एका महिन्यात न दिल्यास त्यावर १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम देण्याचा आदेश होऊ शकतो. भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार, त्यावर कामगाराची सही वा अंगठा असला तरी, कायद्याने निरर्थक ठरतो. ठेकेदाराकडील मजुराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. मालकाने मागाहून ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

याला काही अपवाद आहेत. मद्याच्या अमलाखाली असताना अथवा सुरक्षेची साधने जाणूनबुजून दूर सारल्याने इजा झाली, तर भरपाई नाकारता येते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मात्र हा बचाव चालत नाही.

माथाडी आणि बांधकाम मजूर

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात ट्रकवरून पोते उतरविताना घसरून पडलेल्या हमालाचा मालक कोण? व्यापारी, वाहतूकदार, की टोळीचा मुकादम? या प्रश्नाचे उत्तर नसल्याने एकेकाळी हमालाला कोणीच वाली नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा हे उत्तर मिळाले. नोंदीत मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराची मजुरी, भविष्य निर्वाह निधी आदींची व्यवस्था पाहते. नोंदीत माथाडीस नुकसानभरपाईचा कायदाही लागू करण्यात आला. अर्थात, हा आधार नोंदणीवर उभा आहे. टोळीत 'बदली' म्हणून वावरणारा, नाव कोठेच नसलेला तरुण अपघातानंतर फार एकाकी पडतो.

इमारतींच्या कामावरील मजुरांसाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वर्षे वयाचा, मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेला मजूर त्याकडे नोंद करू शकतो. नोंदीत मजुराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपयांचे साहाय्य देण्याची योजना मंडळाने आखली आहे. अपंगत्वासाठीही तरतूद आहे. येथेही नोंदणी अपघाताच्या आधी झालेली असावी लागते.

वाटेवरचा अपघात

रात्रपाळीस जाताना रस्त्यावर अपघात झाला, तर तो कामावरचा मानावा काय? २२ एप्रिल २००३ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाचा भरपाईचा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २९ जुलै २०२५ रोजी निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. घर आणि काम यांमधील वाटेवरील अपघाताचा वेळ, स्थळ व परिस्थिती यांवरून कामाशी संबंध जुळत असेल, तर तो कामाच्या ओघात घडलेला मानावा, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेत तशी स्पष्ट तरतूदही आहे. त्या कुटुंबास मात्र या उत्तरासाठी बावीस वर्षे थांबावे लागले.

पहिल्या पंधरवड्यातील कागद

वरील सर्व हक्क कागदावर आहेत आणि ते मिळतातही कागदामुळेच. अपघातानंतरचे पहिले पंधरा दिवस यासाठी निर्णायक असतात. या दिवसांत पुढील गोष्टी झाल्या पाहिजेत.

अपघाताची वेळ, जागा आणि कारण कारखान्याच्या अपघात नोंदवहीत लिहिले गेले काय, हे पाहावे. मालकास लेखी सूचना द्यावी व तिची पोच घ्यावी. जवळ असलेल्या दोघा सहकाऱ्यांची नावे टिपून ठेवावीत. रुग्णालयात दाखल करताना 'घरी पडला' असे लिहू देऊ नये. कामावर इजा झाली असेच नोंदवावे, कारण केसपेपरवरील ते एक वाक्य पुढे सर्वात मोठा पुरावा ठरते. हजेरीपत्रक, पगारपत्रक, गेटपास, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, औषधांच्या पावत्या हे सारे एका पिशवीत जपावे. मालकाने दिलेली रक्कम उपचारासाठी आहे, उचल आहे की भरपाई, हे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे. भरपाई म्हणून दिलेली रक्कम पुढील हिशेबातून वजा होते. उपचाराचा खर्च वजा होत नाही.

विमेदार कामगारास आणखी एक पथ्य पाळावे लागते. पहिला दाखला, मधले दाखले व अखेरचा दाखला अशी वैद्यकीय दाखल्यांची साखळी अखंड राहिली पाहिजे. लाभ घेणाऱ्याने योजनेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचाराखाली राहावे व त्याच्या अनुमतीवाचून क्षेत्र सोडू नये, असा योजनेचा पूर्वापार नियम आहे. आपल्याकडे मात्र प्लास्टर घातले की माणूस गावची एस.टी. धरतो. आईच्या हातचे जेवण मिळते, भाड्याच्या खोलीतला खर्च वाचतो, हे खरे. परंतु दाखल्यांची साखळी तुटते आणि दररोजची ५४० रुपयांची रक्कम अडून बसते. गावी जावयाचेच असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याची लेखी अनुमती घेऊन आणि पुढील दाखले कोठून घ्यावयाचे हे विचारूनच निघावे.

घराचा हिशेब

लाभ मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंत काही दिवस जातात. ही मधली पोकळीच कर्जाचे दार उघडते. म्हणून खर्चाची क्रमवारी लावणे आवश्यक आहे. धान्य, औषध, घरभाडे व शाळा प्रथम, बाकीचे नंतर. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेस किंवा पतसंस्थेस लेखी कळवून मुदत मागावी. भविष्य निर्वाह निधीचा सभासद असल्यास आजारपणासाठी त्यातून रक्कम काढण्याची सोय आहे. वर्षाला २० रुपये हप्ता असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव आहे काय, हे बँक पुस्तकावरून तपासावे. अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वास तीत दोन लाख व कायमच्या अंशतः अपंगत्वास एक लाख रुपयांचे संरक्षण आहे. रुग्णालयाचा खर्च मोठा असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार होऊ शकतील काय, याची चौकशी दाखल होतानाच करावी.

परवाना नसलेल्या सावकाराकडे जमिनीचा तुकडा लिहून देण्याची घाई मात्र करू नये. भरपाईची रक्कम कोणाच्या नावे लिहून देता येत नाही आणि कर्जापोटी तिच्यावर जप्तीही आणता येत नाही. कायद्याने ती घरासाठीच राखून ठेवली आहे.

गावाने काय करावे

भरपाईचा दावा अपघात घडला तेथेच करावा असे बंधन नाही. कामगार किंवा त्याचे आश्रित जेथे राहतात त्या क्षेत्रातील सक्षम प्राधिकाऱ्याकडेही तो दाखल करता येतो. मुदत साधारणतः दोन वर्षांची आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये औद्योगिक कामगार, स्त्रिया व अपंग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. नवी मुंबईस खेटे घालण्याची ऐपत नाही, म्हणून हक्क सोडून देण्याचे कारण उरत नाही.

ग्रामपंचायतीने कामासाठी बाहेरगावी गेलेल्या गावकऱ्यांची एक साधी वही ठेवावी. नाव, कामाचे ठिकाण, ठेकेदार, विमा क्रमांक वा मंडळाचा नोंदणी क्रमांक एवढी नोंद तीत असली तरी पुरे. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला माणसे घरी येतात, तेव्हा ही वही भरता येईल. ज्याच्या नावापुढील रकाना रिकामा राहील, त्यास अपघाताच्या आधीच नोंदणीची आठवण होईल. आश्रितांचे दाखले, रहिवासाचा दाखला, वारसांची माहिती यांसाठी जखमी माणसाच्या पत्नीस चार वेळा परत पाठवू नये, एवढी दक्षता ग्रामपंचायत अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी सहज घेऊ शकतील.

शिक्षकांकडे आणखी एक नाजूक काम येते. घरातील मिळकत थांबल्याची पहिली खूण पुष्कळदा वर्गातच दिसते. नियमित येणारी मुलगी अकस्मात येईनाशी होते, थोरला मुलगा कामाला जाऊ लागतो. अशा वेळी 'गैरहजर' एवढीच नोंद न करता घरी जाऊन दोन शब्द विचारले, तर औषधांच्या पावत्यांची ती पिशवी वेळेवर उघडली जाईल आणि मुलांची शाळाही सुटणार नाही.

दर व मर्यादा शासकीय अधिसूचनांनी वेळोवेळी बदलत असतात. म्हणून अर्ज करतेवेळी त्या त्या कार्यालयात खात्री करून घ्यावी. परंतु कामात झालेल्या इजेचे ओझे एकट्या कामगाराच्या घराने वाहावयाचे नाही, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच कायद्याने मान्य केले आहे. ते तत्त्व घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम वाचता येणाऱ्या, अर्ज लिहिता येणाऱ्या आणि चार कार्यालये ठाऊक असलेल्या माणसांचे आहे. प्लास्टरमधील हात सही करू शकत नसेल, तेव्हा निदान अर्ज लिहून देणारा एक हात गावात असलाच पाहिजे.